पाणी मुंबईला, महामार्ग नागपूरला आणि आपण स्टँडवर

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. पूर्वी या प्रवासाला सोळा तास धरावे लागायचे, आता आठ, असं सरकार सांगतं. त्या आठवड्यात तुमच्याही फोनवर रील्सचा पाऊस पडला असेल. इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, उंचच उंच पूल, पावसाआधीचे डोंगर, गाडीतलं गाणं. त्यातले बरेचसे डोंगर शहापूर तालुक्यातले होते, हे मात्र क्वचितच कुणी लिहिलं.

आता हाच रस्ता किन्हवलीतून बघा. शहापूर तालुक्याच्या दक्षिणेला, मुरबाडच्या शिवेकडचं हे बाजाराचं गाव. शाळा, कॉलेज, बँक, आठवड्याची खरेदी, आजूबाजूच्या पाड्यांची सगळी वर्दळ इथेच. इथल्या पोराला समृद्धीवर जायचं तर आधी शहापूर गाठायचं, मग खुटघरचा इंटरचेंज. आणि जायचं कशावर? समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, रिक्षाला बंदी आहे, ट्रॅक्टरलाही. बंदीचं कारण समजण्यासारखं आहे. ताशी 120 ने गाड्या धावतात तिथे मोटारसायकल घालणं म्हणजे जिवाशी खेळ. पण किन्हवली परिसरातल्या बहुतेक घरांत असलेलं एकमेव वाहन म्हणजे मोटारसायकल. म्हणजे ज्या तालुक्याची जमीन या रस्त्याखाली गेली, त्या तालुक्यातल्या बहुतेकांसाठी तो रस्ता दुरून बघायचा आहे. नाहीतर पुलाखालून जायचा.

हे आपल्याकडे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. मुंबईला पाणी देणारी धरणं आठवा. तानसा 1892 चं, मोडकसागर 1957 चं, मध्य वैतरणा 2014 चं, आणि या सगळ्यांत मोठं भातसा. यातली काही शहापूर तालुक्यात आहेत, काही शिवेवर. मुंबईच्या सात जलाशयांची एकूण साठवण साधारण 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. त्यातलं 7 लाख 17 हजार एकट्या भातसात. म्हणजे मुंबईत निम्मे नळ या एका धरणावर चालतात म्हटलं तरी चालेल. पावसाळ्यात 'भातसा भरलं' ही बातमी मुंबईच्या पहिल्या पानावर येते. आणि मार्च-एप्रिल उजाडला की त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकर सुरू होतात, ती बातमी आत, ठाणे-ग्रामीणच्या पानावर. ही तक्रार इतकी जुनी झालीय की ती करणाऱ्यालाच आता कंटाळा येतो. शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूरसाठी पाणी आणायची योजना आखावी लागली, यातच सगळं आलं. उशाशी भातसा, तानसा आणि तहानेसाठी भावली.

त्याही आधी रेल्वे. मुंबई-ठाणे गाडी 1853 ला धावली हे शाळेत पाठ केलेलं असतं. थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, ओलांडून रेल्वे इगतपुरीला पोचली 1865 मध्ये. तेव्हापासून आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवरून उत्तर भारताकडे जाणाऱ्या गाड्या धडधडत जातात. थांबत नाहीत, जातात. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याण-मुरबाड मार्गाचं आश्वासन ऐकत तिथली एक पिढी कॉलेजातून बाहेर पडली.

पाणी, रेल्वे, महामार्ग. तिन्ही गोष्टी या भागातून 'जातात'. आणि याच 'जाण्याचा' अभ्यास करणारी एक ज्ञानशाखा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर जोरात वाढलीय. ती सिव्हिल इंजिनिअरिंगच्या इमारतीत बसत नाही, ती आर्ट्सच्या मजल्यावर बसते. इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, भूगोल, साहित्य. 'आर्ट्स घेऊन काय करणार?' असं विचारणाऱ्या काकांना हे सांगायला हरकत नाही.

कंटाळवाण्या गोष्टींचा अभ्यास

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सुझन ली स्टार यांनी 1999 मध्ये पायाभूत सुविधांचा अभ्यास कसा करायचा यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी जवळजवळ विनवणीच केली होती, की बाबांनो, कंटाळवाण्या गोष्टींकडे बघा. पाइप, वायरी, फॉर्म, आकडे, वेळापत्रकं. त्यांचं म्हणणं सोपं आहे. सुविधा नीट चालू असते तेव्हा ती दिसतच नाही, बिघडली की दिसते. नळाला पाणी येतं तेव्हा कुणी नळाचा विचार करत नाही. त्याच निबंधात दुसरी गोष्ट आहे, ती आपल्या जास्त कामाची. एकाची सुविधा ही दुसऱ्याची अडचण असू शकते. जिना सगळ्यांसाठी वर जायचा रस्ता असतो, व्हीलचेअरवरच्या माणसासाठी मात्र ती भिंत असते. समृद्धीचा भराव नागपूरहून येणाऱ्यासाठी रस्ता आहे. ज्याचं घर अलीकडे आणि शेत पलीकडे, त्याच्यासाठी काय आहे, हे त्यालाच विचारायला हवं.

लँग्डन विनर यांचा 1980 चा निबंध तर या विषयात जवळपास सगळ्यांनाच वाचायला लावतात. वस्तूंना राजकारण असतं का, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या ठेंगण्या पुलांचं उदाहरण दिलं. रॉबर्ट मोझेस या बड्या नियोजकाने पूल मुद्दाम इतके बुटके बांधले की खालून बस जाऊ नये, म्हणजे बसने फिरणारे गरीब आणि कृष्णवर्णीय लोक समुद्रकिनाऱ्यावर पोचू नयेत. गोष्ट जबरदस्त आहे आणि म्हणूनच जरा जपून वापरावी. पुढच्या अभ्यासकांनी त्यातल्या 'मुद्दाम'वर बऱ्यापैकी शंका घेतली आहे. समृद्धीवरची दुचाकीबंदीही कुणी किन्हवलीकरांवर खार खाऊन केलेली नाही. पण हेतू चांगला असला म्हणून परिणाम मोजायचाच नाही असं थोडंच आहे?

आपल्या जवळचं उदाहरण निखिल आनंद यांचं. त्यांचं 'हायड्रॉलिक सिटी' हे पुस्तक 2017 मध्ये आलं. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये राहून त्यांनी पाण्याच्या लाइनींचा अभ्यास केला. पाणी किती दाबाने येतं, कुठल्या कागदावर नळ मिळतो, नगरसेवक, प्लंबर आणि पालिकेचे इंजिनिअर यांच्यात काय काय घडतं. त्यातून त्यांनी दाखवलं, की मुंबईत माणूस नागरिक 'होतो' तो मतदारयादीइतकाच नळाच्या जोडणीतून. लिसा ब्यॉर्कमन यांचं 'पाइप पॉलिटिक्स' (2015) हेही मुंबईच्या पाण्यावरच आहे. दोन्ही पुस्तकं वाचताना शहापूरच्या वाचकाच्या मनात एक साधा प्रश्न येणारच. त्या पाइपच्या मुंबईकडच्या टोकावर एवढं लिहून झालं. आपल्याकडच्या टोकाचं काय?

शेवटची एसटी किती वाजता?

'गतिशीलता' हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर गाड्या येतात. जॉन उरी आणि मिमी शेलर यांनी 2006 मध्ये जो अभ्यास पुढे आणला, त्यात भर वेगळ्या गोष्टीवर आहे. कोण हलतं, कोण अडकतं, आणि एकाचं वेगाने जाणं दुसऱ्याच्या थांबण्यावर कसं उभं असतं. हे समजायला ब्रिटनला जायची गरज नाही, किन्हवलीच्या स्टँडवर तासभर थांबलं तरी पुरे.

एसटीच्या योजना घ्या. शाळकरी मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत. विद्यार्थ्यांना मासिक पास एक तृतीयांश पैशांत. 17 मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. कागदावर बघितलं तर मुलींचा प्रवास इतका स्वस्त कधीच नव्हता. पण तिकिटाला सवलत आहे, गाडीचं काय? मुलगी तेरावीला सायन्स घेणार का आर्ट्स, हे पुष्कळ घरांत तिच्या मार्कांइतकंच शेवटच्या गाडीवर ठरतं. प्रॅक्टिकल संपायला पाच वाजले, स्टँडवर साडेपाच, आणि पाड्याच्या फाट्यावर उतरून पुढे चालायचं. पावसाळ्यात अंधार लवकर पडतो. मग घरचे म्हणतात, जवळच्या कॉलेजात जे आहे ते घे. मुलगा असेल तर काळी-पिवळीच्या पायरीवर लटकून येईल, कुणाच्या बाइकवर ट्रिपल सीट येईल. याला धोरणाच्या भाषेत 'लास्ट माइल' म्हणतात. मुलीच्या बाजूने तीच फर्स्ट माइल असते आणि तिथेच बऱ्याचदा शिक्षण थांबतं.

'कोणत्या विषयाला मुली कमी' याचा तक्ता प्रत्येक कॉलेजकडे असतो. त्याच्या शेजारी एसटीचं वेळापत्रक ठेवून कुणी पाहिलंय का? हे संशोधन आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

उलटी बाजू कातकऱ्यांची. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी ही एक, आणि ठाणे-रायगडमध्ये तिची वस्ती मोठी. इथे अडचण गाडी न मिळण्याची नसते. दिवाळीनंतर ट्रक थेट पाड्यावर येतो. पावसाळ्यात घेतलेल्या उचलीपोटी कुटंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जातं, भिवंडी, कल्याण, कुठेही, आणि पाऊस तोंडावर आला की परत येतं. सोबत पोरं, कोंबड्या, भांडी. म्हणजे तालुक्यातले सगळ्यात जास्त फिरणारे लोक हेच. फक्त या फिरण्याला कुणी 'मोबिलिटी' म्हणत नाही. त्या विटांनी बांधलेल्या इमारतींना भातसाचं पाणी जातं. पाड्यावर मात्र अजूनही पावसाळ्यात आजारी माणसाला, बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याची बातमी येते, जवळपास दरवर्षी.

आणि रस्ता बांधणारे? 31 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे समृद्धीच्या पुलाचं काम चालू असताना अवजड गर्डर लाँचर कोसळला. 20 जण गेले. बहुतेक परराज्यांतून आलेले. दोन-तीन दिवस टीव्हीवर होतं, चौकशी, मदत, भेटी. मग विषय मागे पडला. इयान केर नावाच्या इतिहासकाराने 1995 मध्ये ब्रिटिश काळातल्या रेल्वेबांधणीवर पुस्तक लिहिलं, इंजिनिअरांवर नव्हे तर मजुरांवर. घाटातली कामं, साथी, संप, मुकादमी. सव्वाशे वर्षांनी हे लिहिता आलं कारण रेल्वे कंपन्यांचे अहवाल आणि पत्रव्यवहार जपून ठेवले गेले होते. तरीही त्यात मजुराचं स्वतःचं बोलणं फार थोडं सापडतं. सरळांब्याच्या कामावरचे मजूर, त्यांना डबा पुरवणारी खानावळ, त्यांना खोली भाड्याने देणारी गावातली घरं, हे सगळे आजही सापडतील. दहा वर्षांनी नाही सापडणार.

धरणं पुन्हा दारात

हे सगळं आत्ताच का बोलायचं? कारण काळू आणि शाई.

मुरबाड तालुक्यातलं काळू धरण आणि शहापूर-मुरबाडच्या सीमाभागातलं शाई धरण, दोन्ही मुंबई महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी आखलेली. काळूचं काम 2011 मध्ये वनजमिनीची परवानगी हातात नसतानाच सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. पण महानगराची तहान थांबलेली नाही. बदलापूर, कल्याण, नवी मुंबई, वाढतायत. या धरणांची नावं सरकारी बैठकांत पुन्हा पुन्हा येतात. आणि इथे शहापूर विरुद्ध मुंबई असं सोपं भांडण लावून देण्यात अर्थ नाही. उल्हासनगरच्या चाळीत हंडा घेऊन उभी असलेली बाई ही कदाचित मुरबाडचीच लेक असेल. पाणी लागणारच. प्रश्न आहे तो किंमत कोण ठरवतं आणि मोजतं कोण, याचा.

2013 च्या भूसंपादन कायद्याने प्रकल्पाआधी सामाजिक परिणामांचं मूल्यमापन बंधनकारक केलं होतं. महाराष्ट्राने 2018 मध्ये कायद्यात राज्यापुरता बदल केला आणि पायाभूत प्रकल्पांना त्यातून सूट देण्याची वाट मोकळी झाली. दुसरीकडे शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचीही काही गावं आहेत. म्हणजे 1996 चा पेसा कायदा लागू, आणि जमीन घेण्याआधी सल्लामसलत करणं आलं. पण सल्लामसलतीच्या वेळी टेबलावर काय असतं? प्रकल्पाच्या बाजूने जाडजूड अहवाल, नकाशे, घनमीटर, हेक्टर. गावाच्या बाजूने चार म्हाताऱ्या माणसांचं बोलणं. मोहाची किती झाडं, करवंदं-रानभाज्या कुठल्या जंगलातून, कुठली वाट कुठल्या पाड्याला जोडते, नदीकाठच्या कुठल्या देवाची जत्रा, लग्नसंबंध कुठल्या गावांशी, सातबाऱ्यावर नाव नसलेला कोण कुठली जमीन कसतो. हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून ते मोजलंही जात नाही.

मुळशीशी तुलना करून बघा. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. सत्याग्रह हरला, धरण झालं. पण मुळशीला पुणं जवळ होतं. वर्तमानपत्रं होती, पत्रकं छापली गेली, कार्यकर्त्यांनी आठवणी लिहिल्या. म्हणूनच पुढे राजेंद्र व्होरांसारख्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला त्या लढ्याचा सविस्तर इतिहास लिहिता आला. त्यात मावळ्यांइतकीच सावकारांची आणि पुढाऱ्यांचीही बाजू आहे, नुसता जयजयकार नाही. आता तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन भातसा धरणात गेलेल्या गावांवरचं पुस्तक मागा. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या मागण्या इतक्या वर्षांनंतरही अधूनमधून बातमीत येतात. त्या वेळी जे तरुण होते, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना काय कबूल केलं होतं, काय मिळालं, कुठे गेले, पोरांनी काय केलं, हे काळू आणि शाईच्या गावांना आधी कळलं तर बोलणी करताना त्यांच्या हातात काही असेल.

हे काम कोण करणार? परदेशी विद्यापीठातला पीएचडीवाला येईल, सहा महिने राहील, चांगलं लिहीलही. ते इंग्रजीत असेल आणि पुस्तकाची किंमत बघून आपण पुढचं पान उलटू. एनजीओ करतील, त्यांना त्यांचा अहवाल वेळेत द्यायचा असतो. खरं तर सगळ्यात सोयीचे तुम्ही आहात. ठाकरी, कातकरी बोली कानावर आहे. कुणाच्या घरी चहा घेताना ओळख सांगावी लागत नाही, 'अमक्याचा नातू' एवढं पुरतं.

आणि आता त्याला मार्कही आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून पदवीला फिल्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेले उपक्रम आले, चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च'चा पर्याय आला. त्यांचं बहुतेक ठिकाणी काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री 'रस्ते वाहतुकीचे महत्त्व' हा विषय, नेटवरून वीस पानं, रंगीत कव्हर, स्पायरल बाइंडिंग, सही. शिक्षकांनाही दोष देऊन उपयोग नाही, एकेका प्राध्यापकाकडे इतके प्रोजेक्ट असतात की वाचायचे कधी?

त्यापेक्षा दहा जणांनी मिळून एकच विषय घ्या. उदाहरणार्थ, किन्हवलीहून निघणाऱ्या सगळ्या गाड्या एक आठवडा मोजा. ठरलेली वेळ, आलेली वेळ, किती चढले, किती राहिले, त्यात मुली किती. पुढच्या बॅचने समृद्धीच्या कडेचं एक गाव घ्यावं. मोबदल्याच्या पैशाचं काय झालं? गाडी, बंगला, लग्न, भावाभावांत कोर्ट, की दुसरीकडे जमीन? विहिरींची पातळी बदलली का? 'सेकंड होम'च्या पाट्या लागल्यापासून गुंठ्याचा भाव काय? गुरं पलीकडे कशी नेतात? बहिणींच्या सह्या कशा घेतल्या? हा शेवटचा प्रश्न विचारताना घरात कोण बसलंय ते बघून विचारा.

थोडं मागे जायचं असेल तर मुरबाडमध्येच नाणेघाट आहे. वैशाखऱ्याहून चढणारी ही वाट सातवाहनांच्या काळात कोकणातली बंदरं आणि जुन्नर जोडायची. वर लेण्यात नागनिकेचा शिलालेख, आणि माथ्यावर दगडी रांजण, ज्यात जकात टाकायचे असं सांगतात. टोलनाका आपल्याला नवीन नाही. म्हशाच्या यात्रेत पौष पौर्णिमेला बैलांचा बाजार भरतो, तिथे जनावरं कुठल्या वाटांनी यायची आणि आता टेम्पोतून कशी येतात, यावरही कुणाला प्रोजेक्ट करता येईल. इतिहासाच्या सरांना विचारा, खूश होतील.

एक दोन व्यवहाराच्या गोष्टी. मुलाखत रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या आणि रेकॉर्डिंग कुठे वापरणार ते सांगा. धरणाचा, जमिनीचा विषय असेल तर सांगणाऱ्याचं नाव लिहायचं का, हे त्याला विचारूनच ठरवा, कारण प्रकरण कोर्टात असू शकतं. बोलीतलं वाक्य प्रमाण मराठीत 'सुधारून' लिहू नका. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा, एक गावात द्या. सबमिशन साधारण मार्चमध्ये असतं आणि 1 मेला ग्रामसभा. तोपर्यंत तुमचा अहवाल तयार असेल, तर तो तिथे वाचून दाखवायला ग्रामसेवकाकडे आधी अर्ज द्या.